मूलपेशी येईपर्यंत

मार्च २०२५ मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठातील हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटाने मज्जारज्जूच्या इजेवरील आपल्या प्रयोगाचे पहिले निष्कर्ष जाहीर केले. इजेच्या खालची हालचाल आणि संवेदना पूर्ण गेलेल्या चार रुग्णांच्या मज्जारज्जूत, अपघातानंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत, प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रत्येकी सुमारे २० लाख चेता-मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून मज्जासंस्थेच्या पेशी तयार होऊ शकतात अशा स्टेम सेल, सोडण्यात आल्या होत्या. वर्षभराच्या देखरेखीत पेशींमुळे कोणालाही गंभीर अपाय झाल्याचे दिसले नाही, दोघांच्या हालचालीत सुधारणा झाली आणि त्यांपैकी एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला. बातमी खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अशी बातमी सोलापूरसारख्या शहरात मोबाइलवर फिरत फिरत पोहोचते तेव्हा चार हा आकडा वाटेत गळालेला असतो, दोन ते चार आठवड्यांची अटही गळालेली असते, आणि उरतो तो एवढाच निरोप की मणक्याच्या इजेवर आता स्टेम सेलचा इलाज निघाला आहे आणि तो अमुक शहरातल्या अमुक दवाखान्यात इतक्या लाखांत मिळतो.

चेता-मूलपेशींच्या संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, तोही अपयश गृहीत धरून पुष्कळ वर्षे व्हावा, या मताचा मी आहे. त्याच कारणासाठी या पेशींच्या नावाने आज चाललेली विक्री थांबली पाहिजे आणि सोलापूर जिल्ह्याने आपल्या शासकीय रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी सुसज्ज, स्वतंत्र विभाग चालवला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. वरवर पाहता या तीन निरनिराळ्या मागण्या वाटतात. पण ज्या रुग्णाचे शरीर पहिल्या काही आठवड्यांत नीट राखले गेले आणि ज्याच्याकडे पुढे काही वर्षे कोणी सातत्याने पाहत राहिले, त्याच रुग्णाला या पेशींचा कधी काळी उपयोग होणार आहे. त्यामुळे यांतली एक मागणी सोडली तर उरलेल्या दोन्ही पोकळ ठरतात.

मुळात हा प्रश्न अवघड का आहे, ते पाहू. मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा आणि बोटाएवढ्या जाडीचा असतो. मणका मोडून किंवा सरकून तो चेंगरला की पहिला घाव क्षणात होऊन जातो, पण खरी नासाडी त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत वाढत जाते. रक्तस्राव होतो, सूज येते, रक्तपुरवठा तुटतो, मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेली रसायने शेजारच्या धडधाकट पेशींनाही मारतात, चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी मरतात आणि वाचलेले तंतूही उघडे पडून संदेश वाहून नेईनासे होतात. पुढे त्या जागी द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि तिच्याभोवती व्रणाची भिंत उभी राहते. ही भिंत सुरुवातीला नासाडी पसरू देत नाही, म्हणून ती उपकारक असते. नंतर तीच नव्या तंतूंची वाट अडवते. मागावर ताण्यातला धागा तुटला तर कामगार माग थांबवून दोन टोकांची गाठ मारतो आणि काम पुढे चालू होते. मज्जारज्जूत अशी गाठ मारता येत नाही, कारण तुटलेला तंतू हा जिवंत पेशीचाच लांबलेला हात असतो. तो पुन्हा वाढावा लागतो, योग्य दिशेने वाढावा लागतो आणि पलीकडच्या नेमक्या पेशीशी त्याची जोडणी व्हावी लागते.

प्रौढ माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत नवे काही उगवत नाही, ही समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी पक्की झाली आणि तिच्यामागे १९०६ चे नोबेल मिळवणारे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांच्यासारख्या थोर संशोधकाचे वजन होते. १९६० च्या दशकात जोसेफ आल्टमन यांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दिसत असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्याकडे जवळपास कोणी लक्ष दिले नाही. १९८१ मध्ये माँट्रिअलच्या अल्बर्ट अगुआयो यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की हातापायांतल्या नसेचा तुकडा पुलासारखा लावला तर मज्जारज्जूतले तंतूही त्यातून वाढतात. म्हणजे अडचण तंतूंच्या नाकर्तेपणात नसून भोवतालच्या परिस्थितीत आहे. १९९२ मध्ये ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युअल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून मूलपेशी वेगळ्या काढून त्या बशीत वाढवल्या. १९९८ मध्ये प्रौढ माणसाच्या मेंदूतही स्मृतीशी संबंधित भागात नव्या चेतापेशी तयार होत असल्याचा पुरावा पुढे आला, आणि वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच प्रश्नावर दोन गटांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा सगळा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की या विषयात पन्नास-साठ वर्षे उलटून गेल्यावरही जाणकारांमध्ये मूलभूत बाबींवर वाद आहे, आणि ज्या दवाखान्याच्या पत्रकात तो वाद दिसत नाही त्या पत्रकावर संशय घेणे रास्त आहे.

चेता-मूलपेशीकडून तीन गोष्टींची अपेक्षा केली जाते. तिच्यापासून नव्या चेतापेशी तयार व्हाव्यात आणि त्यांनी तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये संदेशाचा टप्पा बनावे, ही पहिली. उघड्या पडलेल्या तंतूंवर नवे आवरण चढवणाऱ्या पेशी तिच्यापासून मिळाव्यात, ही दुसरी. आणि तिने काहीही न बनता केवळ पोषक द्रव्ये सोडून आजूबाजूच्या जखमी पेशींना जगवावे, ही तिसरी. पहिली अपेक्षा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत दूरची आहे, तिसरी सर्वांत माफक आणि बहुधा सर्वांत जवळची. कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्क तुशिन्स्की यांच्या गटाने २०१२ मध्ये, मज्जारज्जू पूर्ण कापलेल्या उंदरांत अशा पेशी रोवल्या आणि त्यांच्यातून लांबवर तंतू वाढल्याचे दाखवले, तेव्हा पहिल्या अपेक्षेला मोठे बळ मिळाले. पण २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग तपासून पाहिला तेव्हा रोवलेल्या पेशींचे पुंजके जखमेपासून दूर, जिथे ते असायला नको तिथे, वाढलेले आढळले. शास्त्राचे काम असेच चालते. एका गटाचे यश दुसरा गट तपासतो आणि त्यात काय दडले होते ते उघड करतो. पैसे घेऊन इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यात ही दुसरी पायरीच नसते.

पेशी कुठून आणायच्या, हा प्रश्नही सरळ नाही. गर्भपातातील ऊतीतून किंवा कृत्रिम गर्भधारणेत उरलेल्या भ्रूणांतून त्या मिळवण्यावर पाश्चात्त्य देशांत जेवढा वाद झाला तेवढा आपल्याकडे झाला नाही. २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी त्वचेच्या साध्या पेशीला मागे नेऊन मूलपेशीसारखे बनवण्याची रीत शोधली, त्यासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले आणि तो वाद बराचसा मागे पडला. केइओच्या गटाने हीच रीत वापरली. मात्र रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेपासून अशा पेशी करायला आणि त्या निर्धोक आहेत हे तपासायला कित्येक महिने लागतात, आणि इजेनंतर त्या द्यायच्या तर हाती आठवडे असतात; म्हणून दात्याच्या पेशींचा आधीच तयार करून तपासून ठेवलेला साठा वापरावा लागतो, आणि परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. म्हणजे भारतीयांसाठी उद्या हा उपचार हवा असेल तर भारतीयांच्या ऊतींशी जुळणारा साठा भारतात असावा लागेल. हे काम खाजगी दवाखाना करणार नाही. ते राष्ट्रीय प्रयोगशाळांनी, सरकारी पैशाने आणि संथपणे करावे लागेल. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, वेल्लोरला मूलपेशी संशोधन केंद्र आहे. पाया अगदीच नाही असे नाही.

माणसांवरच्या प्रयोगांचा आजवरचा हिशेब संमिश्र आहे. अमेरिकेत जेरॉन कंपनीने २०१० मध्ये भ्रूणापासून मिळवलेल्या पेशी पहिल्या रुग्णाला दिल्या आणि २०११ मध्ये पैशाचे कारण देऊन काम थांबवले; पुढे दुसऱ्या कंपनीने ते उचलले. स्टेमसेल्स इन्कॉर्पोरेटेड या कंपनीने मानेतल्या जुन्या इजेवर चालवलेला प्रयोग, मधल्या टप्प्यावर अपेक्षेइतका परिणाम दिसत नाही म्हणून, २०१६ मध्ये बंद केला. या बंद पडलेल्या प्रयोगांचा मला आदर वाटतो. त्यांनी रुग्णांना फसवले नाही, काय झाले ते सांगितले आणि पुढच्यांची वाट थोडी सोपी केली. केइओच्या चार रुग्णांच्या बाबतीतही हाच काटेकोरपणा लावला पाहिजे. मज्जारज्जूच्या इजेनंतर पहिल्या वर्षात काही रुग्ण पेशींशिवायही आपोआप काही प्रमाणात सुधारतात, हे जुने आणि पक्के निरीक्षण आहे. त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट नसताना चारांतल्या दोघांच्या सुधारणेतला किती वाटा पेशींचा, किती व्यायामोपचाराचा आणि किती निसर्गाचा, हे सांगता येत नाही. पहिला टप्पा सुरक्षितता तपासण्याचा असतो आणि ती तपासली गेली. एवढेच त्यातून निघते.

हीच निसर्गाची सुधारणा विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते. अपघातानंतर तीन-चार महिन्यांनी कोणी रुग्ण इंजेक्शन घेतो, त्याला त्यानंतर अंगठ्यात किंचित हालचाल जाणवते, त्याची चित्रफीत तयार होते आणि ती पुढच्या शंभर कुटुंबांना दाखवली जाते. ज्यांना काही जाणवले नाही त्यांच्या चित्रफिती कोणी काढत नाही. शिवाय या दवाखान्यांत जे टोचले जाते ते बहुतेक वेळा चेता-मूलपेशी नसतेच. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला मगज किंवा पोटाची चरबी काढून, यंत्रात फिरवून, पाठीत सोडली जाते. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्ताच्या आजारांवर प्रभावी आहेत, ल्युकेमियासारख्या रोगांत त्यांनी हजारो माणसे वाचवली आहेत, आणि ती सारी पुण्याई इथे उसनी घेतली जाते. केइओची बातमी दाखवायची आणि चरबीचे इंजेक्शन विकायचे, असा हा व्यवहार आहे.

अपायाचे पुरावेही कमी नाहीत. एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भाच्या चेता-मूलपेशी वारंवार देण्यात आल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या आणि त्या दात्याच्या पेशींपासूनच वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पोर्तुगालमध्ये नाकातल्या ऊतीचे रोपण झालेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी नाकासारख्याच ऊतीची गाठ वाढली, ती २०१४ मध्ये नोंदवली गेली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात, पैसे देऊन डोळ्यात चरबीच्या पेशी टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचे डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. वाढणे हाच मूलपेशीचा गुण आहे, आणि तो गुण आवरता आला नाही तर तोच दोष होतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात, की रक्ताच्या आणि तत्सम ठरावीक विकारांसाठी होणारे अस्थिमज्जेचे रोपण सोडले तर मूलपेशींचा कोणताही वापर हा मान्यताप्राप्त उपचार नसून केवळ नोंदणीकृत प्रयोगातच तो करता येतो. आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्याने प्रयोगाचे पैसे भरायचे नसतात. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने स्वमग्नतेवर मूलपेशींच्या उपचाराला मनाई असल्याचे कळवले. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा तर पक्षाघातासह कित्येक विकारांवरील इलाजाच्या जाहिरातीलाच बंदी घालतो. तरीही विक्री चालते, कारण २०१९ च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांनी ज्या पेशींवर मोठी प्रक्रिया झाली त्यांनाच औषध मानले, आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी जुजबी प्रक्रिया करून परत सोडण्याची फट उघडी राहिली. शरीरात एका जागी एक काम करणारी पेशी दुसऱ्या जागी वेगळ्याच कामासाठी सोडली जात असेल तर प्रक्रिया कितीही थोडी असली तरी ते औषधच मानावे, एवढी दुरुस्ती केंद्राने केली तर निम्मी दुकाने बंद होतील. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहिरातींचा जुना कायदा मोबाइलवरच्या जाहिरातींना लावला तरी पुष्कळ होईल.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ज्याचे दोन्ही पाय गेले आहेत त्याच्याकडे गमावण्यासारखे काय उरले आहे, आणि आशेवर बंदी घालणारे आपण कोण? आक्षेप तळमळीतून येतो, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. गमावण्यासारखे बरेच उरलेले असते. मानेखाली अधू झालेल्या माणसाच्या एका हाताच्या मनगटात उरलेली हालचाल म्हणजे स्वतःच्या हाताने जेवणे असते, आणि मज्जारज्जूत सुई घालताना ती जाऊ शकते. संवेदना नसलेल्या भागात कायमच्या जळजळत्या वेदना सुरू होऊ शकतात. इंदापूरच्या बागेपासून अक्कलकोटच्या जिरायतीपर्यंत कुठलीही जमीन एकदा विकली की ती परत येत नाही, आणि त्या पैशात वर्षानुवर्षांची शुश्रूषा झाली असती. शिवाय ज्याच्या अंगात आधीच कुठल्या तरी पेशी टोचल्या आहेत त्याला खऱ्या प्रयोगांत सहसा घेतले जात नाही, कारण मग कशाचा परिणाम काय हे कळत नाही. आशेचा सौदा करून आशाच काढून घेतली जाते, आणि हे पत्रकात लिहिलेले नसते.

आशा नेमकी कशाची, हेही जाहिरात ठरवते. जाहिरातीत माणूस खुर्चीतून उठून चालतो. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधक किम अँडरसन यांनी मज्जारज्जूची इजा झालेल्या ६८१ जणांना, कोणती गोष्ट परत मिळाली तर आयुष्य सर्वाधिक सुधारेल, असे विचारले. मानेखाली अधू झालेल्यांनी हातांचे काम सर्वांत वर ठेवले, कमरेखाली अधू झालेल्यांनी लैंगिक क्षमता, आणि लघवी-शौचावरचे नियंत्रण दोघांच्याही यादीत वरचे होते. चालणे त्यांना नको होते असे नव्हे. पण ज्यांच्या अंगावर ही वेळ आली त्यांची उत्तरे आपल्या कल्पनेपेक्षा वेगळी होती. सोलापुरातल्या एखाद्या विडी कामगार बाईने शिडीवरून पडलेल्या मुलाची दिवसातून पाच वेळा लघवी काढण्याची जबाबदारी घेतलेली असेल, तर तिच्या घरातला खरा प्रश्न पायांच्या आधी मूत्राशयाचा आहे.

आणि या प्रश्नांवर आज, पेशींशिवाय, उत्तरे आहेत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेला माणूस बहुधा काही महिन्यांत मरत असे; पाठीला पडलेल्या जखमा आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग त्याला नेत. १९४४ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग काढला, त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देण्याचा, मूत्राशय काटेकोरपणे रिकामे करण्याचा आणि लवकरात लवकर उठवून बसवण्याचा दंडक घातला, आणि कोणतेही नवे औषध नसताना माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या जॅक लॅपिडिस यांनी दाखवले, की रुग्णाने स्वतः, निर्जंतुक नसली तरी स्वच्छ नळी दिवसातून ठरावीक वेळा घालून लघवी काढली तर मूत्रपिंडे वाचतात. या दोन साध्या गोष्टींनी जितके जीव वाचवले तितके आजवरच्या सगळ्या पेशींनी मिळून वाचवलेले नाहीत. आपल्या देशातही उदाहरणे आहेत. १९५४ च्या अपघातात कमरेखाली अधू झालेल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी केली. खडकीत जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागूनही १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. सैनिकाला जे मिळाले ते ऊसतोड मजुराला का मिळू नये, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

सोलापुरात या इजांची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. पुणे-हैदराबाद महामार्ग शहरातून जातो, विजयपूर आणि धुळ्याकडे जाणारा महामार्ग इथेच येऊन मिळतो, हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात, चिंच उतरवायला झाडावर चढलेली माणसे पडतात, विहिरीच्या कामात आणि इमारतींच्या परांचीवरून माणसे पडतात. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि सुमारे ४ लाख ४३ हजार जखमी झाली; त्यांतल्या किती जणांचा मज्जारज्जू कायमचा गेला, हे त्या आकड्यांत लिहिलेले नसते. पडलेल्या माणसाला दोघे जण हातापायांना धरून उचलतात आणि जीपमध्ये घालतात, त्या क्षणी अर्धवट इजेची पूर्ण इजा होऊ शकते. मान आणि पाठ सरळ ठेवून, फळीवर, सगळे अंग एकदम वळवून उचलायचे, हे शिकवायला दोन तास पुरतात. साखर कारखान्यांनी ट्रॉलीचालकांना, महामार्गावरच्या ढाब्यांवरील कामगारांना आणि ग्रामपंचायतींनी गावातल्या तरुणांना हे शिकवावे, हा माझ्या मते मज्जारज्जूवरचा आज उपलब्ध असलेला सर्वांत स्वस्त उपचार आहे.

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून इथे आहे आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयात, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. मज्जारज्जूसाठी स्वतंत्र विभाग म्हणजे काही परदेशी यंत्रांची खोली नव्हे. पंधरा-वीस खाटा, हवेच्या गाद्या, दर दोन तासांनी कूस बदलण्याइतक्या परिचारिका, मूत्ररोगतज्ज्ञाची आठवड्याची फेरी, व्यायामोपचार आणि हातांच्या कामाचे प्रशिक्षण देणारे तज्ज्ञ, आणि घरच्यांना नळी घालण्यापासून जखम ओळखण्यापर्यंत सगळे शिकवल्याशिवाय रुग्णाला घरी न सोडण्याचा नियम, एवढा तो आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा आणि रुग्णालयातल्या दिवसांचा भार उचलते. पण मज्जारज्जूच्या रुग्णाचा खरा खर्च घरी गेल्यावर सुरू होतो, नळ्यांचा, गादीचा, खुर्चीचा, सहा महिन्यांनी होणाऱ्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा. तो योजनेत आला पाहिजे. नाहीतर महागडी शस्त्रक्रिया फुकट करून दिलेला माणूस वर्षभरात पाठीच्या जखमेने दगावतो, आणि तोवरचा सरकारचा खर्चही वाया जातो.

इथे एक रास्त शंका येते. सिव्हिलमध्ये साध्या गोष्टींची वानवा असताना मूलपेशींच्या संशोधनावर पैसा का घालवायचा? माझे उत्तर असे, की या दोन खर्चांचे खिसे वेगळे आहेत आणि कालमर्यादाही वेगळी आहे. पुनर्वसनाने माणूस जगतो, कामाला लागतो. पण गेलेली बोटे हलत नाहीत, आणि ती हलावीत ही इच्छा अवास्तव नाही. जगभरात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्यासाठी कोणीतरी दीर्घकाळ शोध घेतला पाहिजे, आणि तो केवळ कंपन्यांवर सोडला तर काय होते ते जेरॉनने दाखवले आहे. उलट सरकारने घाई केली तर काय होते, ते जपाननेच दाखवले. २०१८ च्या अखेरीस तिथे रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेपासून केलेल्या एका पेशी-उत्पादनाला, १३ रुग्णांच्या आणि तुलनागट नसलेल्या प्रयोगावर, सशर्त परवानगी मिळाली. त्याची किंमत सुमारे दीड कोटी येन ठरली आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. एकदा परवानगी देऊन विमा लागू केला की कोणता रुग्ण तुलनागटात राहायला तयार होईल? मग ते औषध चालते की नाही, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. १९९० नंतर मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे असेच झाले. एका प्रयोगाच्या जोरावर ते वर्षानुवर्षे जगभर मोठ्या मात्रेत दिले गेले, आणि २०१३ मध्ये अमेरिकी मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी ते देऊ नये असे सांगितले.

मेंदूच्या इजेबाबत मी कमी लिहिले, कारण तिथे पेशींचे काम आणखी मागे आहे. मज्जारज्जूतली जखम एका जागी असते; डोक्याला मार लागून झालेली इजा मेंदूभर विखुरलेली असू शकते, आणि कुठे पेशी सोडायच्या हाच पहिला प्रश्न होतो. हेल्मेटची गोष्ट इथे काढली तर वाचक कंटाळतील, तरी ती खरी आहे.

समजा, दहा वर्षांनी तुलनागटासह झालेल्या मोठ्या प्रयोगात चेता-मूलपेशींचा उपयोग सिद्ध झाला, भारतात जुळणारा साठा तयार झाला आणि सरकारने तो मोफत देण्याचे ठरवले. इजेनंतर दोन ते चार आठवड्यांची मुदत तेव्हाही राहण्याची शक्यता मोठी आहे. सांगोल्याजवळ अपघात झालेल्या मजुराचे ते आठवडे आज कसे जातात, ते पाहावे. पहिले दोन दिवस एका दवाखान्यातून दुसऱ्यात, मग पैशाची किंवा कागदांची जुळवाजुळव, मग शस्त्रक्रिया, मग टाके निघाल्यावर घर. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर पहिली लाल जागा दिसते, चौथ्या आठवड्यात तिथे जखम असते आणि लघवीच्या संसर्गाने ताप असतो. अंगात संसर्ग असलेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देता येत नाहीत, म्हणजे पेशीही देता येत नाहीत. ही अडचण सोडवण्यासाठी दहा वर्षे थांबण्याची गरज नाही. सिव्हिलमध्ये मज्जारज्जूच्या प्रत्येक रुग्णाची नोंदवही याच वर्षी सुरू करता येईल: अपघाताचा दिवस आणि तास, कोणी कसे उचलले, रुग्णालयात केव्हा पोहोचला, इजेची पातळी आणि प्रमाण, पहिली जखम कोणत्या दिवशी पडली, एक वर्षाने आणि पाच वर्षांनी काय स्थिती होती. केइओच्या चौघांची तुलना कोणाशी करायची, हा जो प्रश्न जगासमोर आहे त्याचे उत्तर अशाच नोंदवह्यांतून निघते, आणि तिच्यासाठी लागणारा खर्च एका लेखनिकाच्या पगारापलीकडे फारसा नाही.